दोन्ही अटी

वाशीच्या क्लासात कॉम्प्युटरची सी भाषा शिकलेली सगुणा ही गावातली पहिलीच मुलगी. १९८९ साली न्हावा शेव्याजवळच्या एका कंत्राटी कंपनीत तिच्याकडे भरतीची यादी काढण्याचे काम आले. अटी दोनच होत्या: बंदरासाठी गेलेली जमीन उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर असावी आणि तो मॅट्रिक पास असावा. तिने दोहोंच्या मध्ये && हे 'आणि'चे चिन्ह घातले; दोन्ही अटी खऱ्या ठरल्या, तरच नाव छापले जाणार होते.

फाटकाबाहेर तिचे वडील हिरामण गाववाल्यांना छाती फुगवून सांगत होते, "आमची पोर मशीनवर हाय. आपली नावा येनारच!"

दोनशे अर्जांतून एकही नाव छापून आले नाही. सगुणाने प्रोग्रॅम तीनदा तपासला, तेव्हा तिच्या ध्यानात आले. सातबारे होते अंगठा उठवणाऱ्या बापांच्या नावावर आणि मॅट्रिक झाली होती त्यांची मुले.

"साहेब, 'आणि'च्या जागी 'किंवा' घालू का?"

साहेबांनी कोरा कागद शांतपणे न्याहाळला.



"कशाला? बरोबर आलंय. जा, बाहेर तूच वाचून दाखव. तुझ्याच गावचे आहेत."