एक थेंब गोंद

"काकू, काटा पुन्हा लाल रेषेवर!" इंजिनाच्या तापमानाचं तेच गेज घेऊन खर्डेकर तिसऱ्यांदा माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. जुना लष्करी ट्रक हौसेने नवा करतोय, पण कुणाचं ऐकेल तर शपथ!

इंजिनातली उष्णता मोजून गेजला कळवणारा सेंडर त्याने सोबत आणला होता. मी तो गेजला जोडून त्याच्यासमोर उकळत्या पाण्यात बुडवला, बॅटरी जोडली. काटा बरोबर शंभरावर थांबला.

"गेज खरं बोलतंय. तुझं इंजिन तापतंय. रेडिएटर साफ कर."

"रविवारी प्रदर्शन आहे हो! काटा मध्यावर चिकटवून टाका. एक थेंब गोंद. कोणाला कळणार?"

माझं डोकंच फिरलं. "लष्करी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं गेजदुरुस्तीच केली मी. चौऱ्याहत्तर साली, तपासणीच्या आदल्या दिवशी, साहेबांच्या हुकमावरून एक काटा असाच चिकटवला. ट्रक तसाच घाटात गेला. काट्यावर विसंबून ड्रायव्हरने रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी तोंडावर उडालं."

"मग?"

"मघाशी ज्यांनी तुला दार उघडलं, ज्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं तू टाळलंस, ते आमचे हे. तोच ड्रायव्हर."

खर्डेकरने गेज पिशवीत ठेवलं. "रेडिएटर उतरवतो," म्हणाला.