नुसती थिअरी

झुंबरला केसांना धरून फरफटत विहिरीच्या काठावर आणलं, तेव्हा राजमहंमद मास्तर शाळा टाकून धावत आले. त्या उन्हाळ्यात कळस गावाला पटकी लागली होती. रोज कुणी ना कुणी उलट्या-जुलाबानं जात होतं, आणि एकट्या राहणाऱ्या या विधवेनंच करणी केली, असं गावानं ठरवून टाकलं होतं.

मास्तर तिच्यावर आडवे पडले. एक काठी त्यांच्या खांद्यात बसली, दुसरी जबड्यावर.

"अवो, पटकी पाण्यातनं येती! ह्या विहिरीत जंतू हायत. पाणी उकळून प्या!"

रावजी पाटलांचा पुण्याला कॉलेजात शिकणारा आबासाहेब पुढं झाला. "मास्तर, ती नुसती थिअरी आहे. थिअरी म्हणजे तर्क."

"न्हाय, आबासाहेब. तर्क कुणीबी करतंय. थिअरी पाडायला शंभर जणांनी धडका मारलेल्या असत्यात, आन् तरी ती उभी ऱ्हाती. ती आधीच सांगती, अमुक झालं तर मी खोटी." मास्तरांच्या तोंडात रक्त साचलं होतं. पण काठ्या थांबल्या होत्या, लोक ऐकत होते. त्यांना धीर आला. ते पाटलांकडं वळले. "रावजीराव, तुमीच सांगा. काय झालं म्हंजे तुमी म्हणाल, झुंबरनं करणी केली न्हवती?"

रावजी विचारात पडले. अगदी मनापासून.

"ही मेल्यावरबी पटकी ऱ्हायली, तर," ते म्हणाले.

मास्तर "न्हाय, न्हाय" म्हणेपर्यंत दोघांनी त्यांना मागं खेचलं. पहिला दगड कुणी उचलला ते त्यांना दिसलं नाही. झुंबरनं एकदाच हाक मारली, "मास्तर!" मग नुसते दगडांचे आवाज येत राहिले.

पुढच्या आठवड्यात पाटलांची रतन पटकीनं गेली. लेकीला अग्नी देऊन रावजी तसेच मास्तरांच्या दारात आले. डोळे सुजलेले, अंगावरचं धोतर ओलं. मास्तर भिंतीला धरून कसेबसे उठले.

"तुमचं खरं ठरलं, मास्तर. झुंबर न्हवती."

मास्तरांनी रावजींचा हात हातात घेतला.

अंगणाबाहेर माणसं गोळा झाली होती. काठ्या घेऊन, गुमान उभी.

"मग आता सांगा," रावजी म्हणाले, "कोण हाय?"