हसरा फोटो नको

"हसरा नको," रामहरी सर म्हणाले. "दुसरा एखादा दाखव."

युसरानं माऊस पुढं सरकवला. डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं. पडद्यावरची देवश्री तिला धड दिसतही नव्हती.

सर, म्हणजे देवश्रीचे आप्पा, सकाळी सकाळीच कळंबच्या मोंढ्यालगतच्या या स्टुडिओत आले होते. सोबत त्यांच्या मिसेस, चंद्रप्रभाकाकू. काकू पायरीवरच थांबल्या. सरांनी खुर्चीत बसून एका दमात सांगून टाकलं. देवश्री वारली. मंगळवारी, पुण्यात. सगळं तिथंच उरकलं. उद्याच्या पेपरात फोटो द्यायचाय.

"कशानं, सर?"

"ते विचारू नको."

मग कोण विचारणार? पोटची पोर गेलेल्या माणसाला खोदून खोदून विचारायला कुणाची जीभ रेटते?

देवश्री म्हणजे युसराची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिची एकुलती एक मॉडेल. आता कळंबात फॅशन फोटोग्राफी करायची म्हणजे काय सोपं काम आहे व्हय? इथं स्टुडिओत माणूस येतो तो पासपोर्ट फोटोला, नाहीतर स्थळाला दाखवायच्या फोटोला. पण स्टुडिओवाल्या चाँदपाशांच्या या लेकीला मासिकात छापून यायचं होतं. त्याला पोर्टफोलिओ लागतो, आणि पोर्टफोलिओला न लाजता उभं राहणारं माणूस लागतं. देवश्री उभी राहिली. आईची नारायणपेठ नेसून, वर युसराच्या भावाचं जाकीट घालून ती मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांवर बसली. हमाल हातातलं काम सोडून बघत राहिले. तेर गावाला नदीकाठी भर उन्हात उभी राहिली. "तोंड मीट गं बाई, मॉडेल दात काढत नसतात!" असं युसरा ओरडायची, की ही आणखीच खिदळायची. पुढं नोकरीला पुण्याला गेली, तरी सुट्टीला आली की आधी स्टुडिओत, मग घरी.

आणि आत्ता कुठं, मागच्या आठवड्यात, एका मासिकानं होकार कळवला होता. पोत्यांवरचा फोटो, अख्खं पान, खाली युसराचं नाव. ही गोष्ट आधी देवश्रीला सांगायची म्हणून युसरा फोनवर फोन लावत होती. फोन बंद. पोरगी पुण्याची झाली आणि विसरली आपल्याला, असा रागसुद्धा धरला होता तिनं. आता त्या रागाचीच तिला लाज वाटत होती.

"हा चालेल," सर म्हणाले. त्यांनी पडद्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

तो पोत्यांवरचाच होता. इतक्या फोटोंत न हसलेला तेवढाच.

"फक्त तोंड घे. जाकीट दिसायला नको."

युसरानं तेवढं कापून घेतलं. मग सरांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. घरातल्या सगळ्यांचा फोटो. चाँदपाशांनीच काढलेला.

"ह्याच्यातून तिला काढता येईल का?"

युसरा बघतच राहिली.

"बघवत नाही मला," सर म्हणाले.

तिनं तेही केलं. देवश्री होती तिथं मागचा पडदा भरला, काकूंच्या खांद्यावरचा तिचा हात पुसला.

"आता बाकीचे सगळे पुसून टाक. तिचा एकही फोटो कुठं राहायला नको. ते मासिकाचं खूळ होतं ना तुमचं, तिथंही नको."

युसरानं वडिलांकडं बघितलं. चाँदपाशा कोपऱ्यात कॅमेरा पुसत बसले होते. दोन वर्षं लेकीची धडपड त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. त्यांनाही वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "बेटा, बापाचं काळीज आहे. पूस."

तिनं पुसले. कॉम्प्युटरमधले, फोनमधले, कार्डमधले. मासिकाला कळवलं, मॉडेल हयात नाही, घरच्यांची इच्छा नाही, फोटो छापू नका. त्यांचं लगेच उत्तर आलं. वाईट वाटलं, त्या पानावर दुसऱ्या कुणाचं काम घेतो. सर तोवर खुर्चीतून हलले नाहीत.

ते गेले आणि काकू पिशवी विसरल्याचं निमित्त करून परत आल्या.

"एखादा बारका फोटो राहिलाय का गं तुझ्याकडं? यांना सांगू नको."

"नाही हो काकू. एकपण नाही." युसराचा बांध फुटला. काकूंच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडायला लागली.

काकूंनी चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको गं! रडू नको. असं रडू नये तिच्यासाठी." आणि घाईघाईनं पायऱ्या उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. भावपूर्ण श्रद्धांजली. कुमारी देवश्री. शोकाकुल, समस्त परिवार. युसरानं काढलेला, छापून आलेला हा पहिला फोटो. खाली तिचं नाव नव्हतं, आणि तिला ते नकोच होतं.

चाँदपाशांनी पेपर बराच वेळ हातात धरला. "उजेड चांगला घेतलास," एवढंच म्हणाले आणि डोळ्यांना रुमाल लावला.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. युसराला बोलायची इच्छा नव्हती, पण गिऱ्हाईक असेल म्हणून उचलला.

"युसरा? अगं मी! थांब, शिव्या देऊ नको, आधी ऐक. नंबर बदललाय मी. मंगळवारी लग्न केलं आम्ही, रजिस्टर. आप्पांना लगेच फोन करून सांगितलं, तेव्हापासून ते उचलतच नाहीत. तू जरा घरी जाऊन ये ना. लग्नाचा फोटो पाठवते, तेवढा दाखव त्यांना. तुझं ऐकतात ते. युसरा? अगं बोल की. लई रागावलेत का गं आप्पा?"