बारशाची मंजुरी

"महाराज पृथ्वीवर असले तरी आपल्याला बापाच्या जागी आहेत," सुभेदार भर सभेत म्हणाले. "त्यांच्या मंजुरीशिवाय बारसं करणं हा राजद्रोह आहे."

द्वारका ताडकन उठली. "कसला बाप? आमचा निरोप तिथे पोचायला अकरा वर्षं, त्यांचा होकार यायला अकरा! तोवर पोराला मिसरूड फुटतं. माझा धाकटा भाऊ 'बाळ' म्हणूनच खाणीत उतरला, 'बाळ' म्हणूनच गाडला गेला. त्याचं नाव मंजूर झाल्याचं काल कळलं. आता त्या नावानं हाक कुणाला मारू? नको आम्हाला असला राजा! आजपासून ही वसाहत आमची!"

तिने वहिनीच्या मांडीवरून थोरल्या भावाची तान्ही लेक उचलली.

"धरा तिला!" सुभेदार ओरडले.

पण तोवर द्वारकाने भाचीच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलंही होतं.

नुकतं मिसरूड फुटलेला एक शिपाई बंदूक घेऊन धावत आला आणि तिच्यासमोर थबकला. त्याने बंदूक जमिनीवर ठेवली, गुडघे टेकले आणि कान पुढे केला.

"आत्या," तो म्हणाला, "माझंही नाव ठेवा."