हाताला कळलेलं

पडद्यावरची हिरवी पट्टी हलेना. एरवी चहा होईस्तोवर तयार होणारा व्हिडिओ, आज कॉम्प्युटर त्याच्यासाठी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागत होता.

धोंडप्पा लेकीच्या खुर्चीमागं उभा होता. फोन पुन्हा वाजला. टेंभुर्णीच्या दवाखान्यातून शिवराज बोलत होता, लेकीच्या मैत्रिणीचा, पायलचा दीर.

"मामा, निघाला का व्हिडिओ? वैनी खाटंवरनं उठंना. नर्सबाईनं सुई आणली की हात झिडकारती. डॉक्टर म्हणत्यात, दुपारच्या पुढं थांबता येनार न्हाय."

"आलाच बघ. सृष्टी बसलीय त्याच्यावरच," म्हणून धोंडप्पानं फोन ठेवला.

पायल आणि सृष्टी मूकबधिर शाळेत एका बाकावर बसायच्या. आज पायलचं सिझर होतं, आणि तिथं तिची भाषा येणारा एकटा तिचा नवरा. त्यालाही ऐकू येत नव्हतं आणि तोही तिच्याइतकाच घाबरलेला. सकाळी व्हिडिओ कॉल लावून पाहिला, पण तिथल्या नेटवर्कवर हातांचे नुसते फराटे दिसत होते. मग धोंडप्पानं डॉक्टरीणबाईंना फोनवर एकेक गोष्ट विचारली आणि खुणांनी, काही लिहून, लेकीला सांगितली. सुई पाठीत का टोचतात, पाय बधिर का होतात, पोटाशी पडदा कशाला धरतात. सृष्टीनं कॅमेऱ्यासमोर बसून ते सगळं हातांनी समजावलं. मध्ये चित्रं घातली, खाली नर्सबाईंसाठी मराठी ओळी. काम झकास झालं होतं. फक्त ते कॉम्प्युटरमधून बाहेर पडत नव्हतं.

धोंडप्पानं तिचा खांदा हलवला. "परत मोबाईलवर काढ की. नुसते हात दाखव," त्यानं खुणेनं सांगितलं.

तिनं नकारार्थी मान हलवली आणि हातांनीच उत्तर दिलं. "चित्रांशिवाय तिला कळणार नाही. अर्धवट कळलं तर जास्त भिईल."

आणि ती पुन्हा पडद्याकडं वळली. उघडं होतं ते सगळं बंद केलं. व्हिडिओ टीव्हीवर बघण्याइतका मोठा होता, तो मोबाईलपुरता लहान केला. पट्टी जराशी सरकली आणि पुन्हा रुतून बसली. तिनं वेगाचा आलेख उघडला. वेग पार तळाला गेलेला, तापमानाचा आकडा लाल.

"तापलाय," तिनं बापाला सांगितलं. "जळू नये म्हणून स्वतःच हळू चाललाय."

धोंडप्पा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. अख्खी शेड धडधडत असताना कोणता माग बिघडलाय, हे तो कानानं ओळखायचा. पण मशीन अडलं की त्याचं डोकंही तापायचं, तोंड सुटायचं. ही पोरगी मात्र डोहातल्या पाण्यासारखी शांत. मैत्रीण तिकडं खाटेवर बसून होती, तरी हिची बोटं एकदाही चुकली नाहीत.

सृष्टीनं कॅबिनेटवर तळहात सपाट टेकवला आणि डोळे मिटले. थोडा वेळ तशीच बसली. मग डोळे उघडून खुणेनं म्हणाली, "पंखा फिरत नाही."

धोंडप्पा चपापला. सकाळपासून तो याच खोलीत होता. घरघर थांबलेली त्याच्या कानाला कळलीच नव्हती.

तिचा हात बटणाकडं गेला तसं त्यानं एका हातानं तिचं मनगट धरलं, दुसऱ्यानं खुणावलं. "आगं, झालंय तेवढं सगळं जाईल की!"

"जाऊ दे. असं चाललं तर वेळेत पोचणारच नाही," ती मोकळ्या हातानं म्हणाली.

तिनं हात सोडवून घेतला आणि कॉम्प्युटर बंद केला. इतका वेळ चाललेलं काम असं मोडायला धोंडप्पाचा हात धजला नसता.

बाजूची पत्र्याची झाकणी निघाली. शेजारच्या मागांची सुताची धूळ आत गादीसारखी बसली होती, आणि पंख्याच्या आसाला एक निळा धागा घट्ट गुंडाळला होता. धोंडप्पानं बॅटरी धरली. सृष्टीनं भुवयांच्या चिमट्यानं धाग्याचं टोक शोधलं आणि वेढा वेढा करत तो उलगडला. ओढला नाही. ओढला असता तर तुटून आत अडकला असता. मग ब्रशनं धूळ काढली, झाकणी लावली, बटण दाबलं आणि बापाचा हात घेऊन कॅबिनेटवर ठेवला. पत्र्यातून बारीक थरथर त्याच्या तळव्यात चढली.

या खेपेला पट्टी पळत सुटली.

व्हिडिओ गेला. नंतर मात्र फोन वाजेना. धोंडप्पा दारापर्यंत जाऊन येई, सृष्टी मांडीवर हात ठेवून बसलेली. त्यानं ते हात हातात घेतले. बर्फासारखे गार होते. तेव्हा त्याला समजलं, पोरगी सगळा वेळ किती घाबरलेली होती.

फोन वाजला.

"मामा! वैनीनं पुन्हा पुन्हा बघितला, मग खाली उतरून आपल्या पायानं आत गेली! आन् पोरगी झाली, मामा! दोघी बऱ्या हायत!"

धोंडप्पानं हातांचा पाळणा करून हलवला. सृष्टीनं तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

दिवेलागणीला शिवराजनं दवाखान्यातलं चित्रण पाठवलं. पायल उशीवर पडलेली, कुशीत दुपट्यातलं बाळ. नर्सबाई वाकून, एका हातात मोबाईल धरून, त्यातले सृष्टीचे हात बघत बघत दुसऱ्या हातानं खुणेनं काहीतरी विचारू पाहत होत्या. दुखतंय का, असं असावं. पायलनं मान न उचलताच हात लांब केला आणि नर्सबाईंचं वाकडं झालेलं बोट हलकेच सरळ केलं.