शंभर पावलं

जावयाने पाना खाली टाकला आणि कपाळावरचा घाम पुसला. गाडीची मागची नंबरप्लेट काही केल्या निघत नव्हती.

"निघायची नाही ती," म्हातारा म्हणाला. "खिळे आतून वाकवलेले असतात. चोरांनी बदलू नये म्हणून."

त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार? वाहन नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं खुर्ची झिजवून त्याने नाव घेण्याजोगं एकच काम केलं होतं, ते म्हणजे या पाटीची रचना. पहिले दोन आकडे जिल्ह्याचे, बाकीच्यांपेक्षा ठळक. परमुलखात अपघात झाला तर कुठे कळवायचं ते लोकांना लांबूनच समजावं, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. चाचणी घरासमोरच्या याच रस्त्यावर झाली होती. दहा वर्षांची लेक पुठ्ठ्याची पाटी छातीशी धरून शंभर पावलांवरच्या विजेच्या खांबापाशी उभी राहायची आणि ओरडायची, "दिसतंय का, बाबा?"

गेल्या आठवड्यापासून सतरा आकडा दिसला की नाक्यावर गाडी बाजूला घेत होते. गाडी तिथेच उभी राहायची. माणसं कुठे जायची, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

लेकीच्या गाडीवर सतरा होता.

"चिखल फासू या," ती म्हणाली.

"समोरच्यांच्या पाहुण्यांनी फासला होता," जावई म्हणाला. "त्यांनाच आधी उतरवलं."

"मग राहा ना इथेच. चार दिवसांत निवळेल सगळं."

"बाबा, पोर तिकडे आहे, शेजारणीकडे," लेक म्हणाली. "तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस जातो म्हणून सांगून आलो. आज नववा दिवस. फोन बंद, बस बंद."

म्हातारा गाडीमागे उकिडवा बसला आणि रस्त्यावरची धूळ चिमटीचिमटीने पाटीवर सोडू लागला, प्रवासातली वाटावी इतपतच. आकड्यांचा उठाव बोटांना लागत होता. रंग उडाला तरी आकडा वाचता यावा, म्हणून तोही त्यानेच भांडून मंजूर करून घेतला होता.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला.

"काहीतरीच काय, बाबा. तुम्ही लोकांच्या भल्यासाठीच केलं होतंत."

त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गाडी निघाली. म्हातारा फाटकात उभा राहिला. एका डोळ्यावर पट्टी होती, चष्मा घरात राहिला होता. खांबापाशी पोहोचल्यावर गाडी थांबली. खिडकीतून लेकीचं डोकं बाहेर आलं.

"दिसतंय का, बाबा?"

उन्हात सतरा लख्ख दिसत होता.

"नाही!" म्हातारा सगळा जीव एकवटून ओरडला. "काही म्हणजे काही दिसत नाही!"