परसातली भाडेकरू

टेम्पोतून आधी पलंग उतरला, मग कपाट, मग आरशाचं टेबल, दोन खुर्च्या आणि दोरीने बांधलेली गादी. काकू मागच्या दारात उभ्या राहून माणूस उतरायची वाट बघत होत्या. टेम्पो रिकामा झाला, हमालांनी हात झटकले, आणि उरला तो खोली ठरवायला आलेला चष्मेवालाच. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

"आणि राहणार कोण?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही. सामानच राहणार आहे." तो ओशाळला. "मी बोललो नव्हतो का? आईचं आहे. ती गेली, भावाने तिचं घर विकलं. माझ्याकडे आमचीच दाटी, हे कुठे ठेवू? आणि मोडीत घालायला मन होत नाही."

परसातली खोली भाड्याने द्यायची कल्पना काकूंच्या मुलीची. "चार पैसे येतील, आणि तुला सोबतही होईल," ती फोनवर म्हणाली होती. चार पैसे हवेच होते. पेन्शन वीस तारखेलाच धापा टाकायला लागायची. पण खोलीला रंग दिला, बल्ब बदलला, दाराशी नवं पायपुसणं टाकलं, ते काही पैशांसाठी नव्हे. नोकरी करणारी एखादी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. संध्याकाळी आल्यावर "काकू, आले हो," म्हणणारी.

"तुमची अडचण असेल तर राहू द्या," चष्मेवाला म्हणाला.

"अडचण कसली. सामान काही मोठ्याने गाणी लावायचं नाही."

तो कसनुसा हसला आणि आत गेला. पलंग खिडकीशी. नको, डोकं इकडे. टेबल दाराच्या डाव्या हाताला. सामान रचून ठेवायचं सोडून त्याने ते मांडलं. गादी घातली, चादर पसरली, उशीसुद्धा ठेवली. निघताना दोन महिन्यांचं भाडं काकूंच्या हातात देत म्हणाला, "एक विनंती होती. दिवसातून एकदा खिडकी उघडाल? आईला कोंडलेलं आवडायचं नाही."

पहिला आठवडाभर काकू खिडकी उघडून तशाच परत फिरायच्या. पुढे खुर्चीत टेकायला लागल्या. दुपारी घरात करायचं तरी काय? तिथली प्रत्येक वस्तू त्यांनीच ठेवलेली. सकाळी जिथे ठेवावी, संध्याकाळी तिथेच सापडायची. इथलं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी सवयीचं होतं. आरसा त्यांना उंच पडायचा. बाई चांगली उंच असणार. कपाटाचं एक दार जरा वर उचलून ओढावं लागायचं. खुर्चीच्या एकाच हाताचं पॉलिश गेलेलं. कुणाकडे पाहुणी म्हणून जाऊन किती वर्षं झाली, ते काकूंना आठवेना.

एका दुपारी कंबर धरली म्हणून त्या पलंगावर आडव्या झाल्या. डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. घरात जी झोप गोळीशिवाय येत नव्हती, ती इथे न बोलावता आली होती. त्या धडपडून उठल्या, चादर सारखी केली आणि घरी येऊन स्वतःशीच म्हणाल्या, हे काही बरं नाही.

दुसऱ्या दुपारी पुन्हा गेल्या.

"भाडेकरू आली का गं? कशी आहे?" मुलीने फोनवर विचारलं.

सामानाचं काही त्यांच्या तोंडून निघेना. "शांत आहे," त्या म्हणाल्या. "आपण बरं, आपलं काम बरं."

दोन महिने भरले तसा चष्मेवाला पुढचं भाडं घेऊन आला. न कळवता, भर दुपारी. काकू नुकत्याच उठून घरात आल्या होत्या. त्यांनी भाडं घेतलं, घाईने किल्ली उचलली आणि त्याच्या मागोमाग परसात गेल्या. खोलीत पाऊल टाकून तो पलंगाशी थांबला. चादरीचे चारही कोपरे गादीखाली घट्ट खोचलेले होते, वर एक सुरकुती नव्हती. काकूंनी तीस वर्षं इस्पितळात खाटा लावल्या होत्या. त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

"आईची चादर नेहमी एका बाजूने लोंबायची," तो म्हणाला.

काकू घाईने म्हणाल्या, "दुपारची जरा टेकते मी. रोज नाही." मग खाली बघत म्हणाल्या, "रोजच." हातातले पैसे त्यांनी पुढे केले. "हे राहू द्या तुमच्याकडेच. भाडं तुम्ही भरायचं आणि लोळायचं मी, हे काही शोभत नाही."

त्याने पैसे घेतले नाहीत. पलंगाच्या कडेला बसून तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दोरीवर एकच साडी वाळत होती. मग त्याचा हात उशीवर गेला. ती त्याने दाबून पाहिली.

"मान नाही दुखत तुमची? ही फार उंच आहे. आईला अशीच लागायची."

"दुखते," काकू म्हणाल्या.

"पुढच्या वेळी पातळ आणतो."